घरच्या लेथवर वाफेचे इंजिन

बडोदेकरांना छोट्या गाडीचे अप्रूप नवे नाही. खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात, १८६२ साली, डभोई-मियागाम मार्गावर अडीच फूट रुंदीचे रूळ पडले आणि देशातल्या नॅरोगेजची सुरुवात झाली. ते रूळ इतके हलके होते की इंजिनाचे वजन त्यांना झेपेना. सुरुवातीला गाडी बैल ओढत, आणि वाफेचे इंजिन नियमित धावू लागायला १८७३ साल उजाडले. पुढे लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात राजघराण्यातल्या मुलांसाठी त्याहूनही लहान गाडी आंब्यांच्या झाडांतून फिरली. ग्वाल्हेरच्या मंडळींना जयविलास राजवाड्यातली, जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची गाडी आठवेल. पण ती विजेवर चालते, म्हणून या लेखापुरती ती बाजूला ठेवू. आपल्याला हवी आहे खरी वाफ, खरा विस्तव, आणि मागे दोन-चार माणसे बसवून ओढणारे इंजिन.

असे इंजिन घरी बनवता येते का, हे आपल्या सभासदांपैकी बरेच जण विचारतात. बनवता येते. इंग्लंडमध्ये हा छंद सव्वाशे वर्षांहून जुना आहे. 'मॉडेल इंजिनीअर' नावाचे नियतकालिक तिथे १८९८ पासून निघते आहे, आणि कारकून, शिक्षक, दुकानदार अशा माणसांनी परसातल्या शेडमध्ये एक लेथ ठेवून अशी इंजिने बनवलेली आहेत. आपल्या बडोद्यात तर मकरपुऱ्याच्या कारखान्यांतून आयुष्य घालवलेले फिटर, टर्नर, टूलरूमवाले घरटी एक सापडतील. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, तेव्हापासून या शहराला हाताच्या कामाची सवय आहे. तेव्हा हुन्नर कमी पडत नाही. आम्ही काही जण सध्या या कामात आहोत, तिघे निवृत्त, एक बँकेत, दोघे अजून कॉलेजात. आम्हाला सर्वांत जास्त विचारले जाणारे दोन प्रश्न म्हणजे "मोठ्या इंजिनाचा नकाशा घेऊन सगळे सहाव्या हिश्शाने लहान केले की झाले ना?" आणि घरच्या मंडळींकडून येणारा दुसरा, "ते फुटणार तर नाही?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी आहेत, आणि ते ठिकाण म्हणजे बॉयलर. म्हणून या लेखात इतर भागांवर थोडे आणि बॉयलरवर बरेच लिहिले आहे.

आधी इंजिन चालते कसे ते थोडक्यात, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. आडव्या नळकांड्यासारख्या बॉयलरच्या मागच्या टोकाला विस्तवाची पेटी असते. पेटीला चारी बाजूंनी आणि वरून पाणी वेढलेले असते. विस्तवाचा गरम धूर बॉयलरमधल्या बऱ्याच नळ्यांतून पुढे जातो, नळ्यांभोवतीचे पाणी तापवतो आणि धुराड्यातून बाहेर पडतो. वर जमलेली वाफ रेग्युलेटर उघडला की सिलिंडरमध्ये येते, दट्ट्याला ढकलते, दट्ट्या दांड्यामार्फत चाक फिरवतो. काम झालेली वाफ वाया जात नाही. ती धुराड्याच्या बुडाशी एका बारीक तोंडातून जोरात वर सोडतात. जाताना ती धूर ओढून नेते, त्यामुळे मागे विस्तवातून हवा खेचली जाते आणि विस्तव फुलतो. इंजिनावर ओझे जास्त, तर वाफ जास्त, तर ओढ जास्त, तर विस्तव जास्त. लहानपणी ऐकलेला तो 'भक् भक्' आवाज म्हणजे इंजिन स्वतःची शेगडी स्वतः फुंकत असल्याचा आवाज. घरच्या इंजिनातही हेच घडते, आणि तो आवाज तसाच येतो.

आता लहान करण्याचा हिशेब. पाच इंच रुंदीचे रूळ धरले, तर डभोईच्या अडीच फुटी गेजचा तो बरोबर सहावा हिस्सा होतो. हा योग आमच्या फार सोयीचा आहे, कारण मूळ मापाला सहाने भागले की काम झाले. ब्रॉडगेजचे मोठे इंजिन याच रुळांवर बसवायचे तर ते तेराव्या हिश्शाहून लहान होते, भाग नाजूक होतात, पान्हा आत जात नाही. नॅरोगेजचे इंजिन मात्र याच रुळांवर चांगले धष्टपुष्ट उभे राहते. नवख्या माणसाने चार किंवा सहा चाकांचे, टेंडर नसलेले टाकीवाले इंजिन निवडावे असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिल्याच खेपेला मोठे देखणे एक्स्प्रेसचे इंजिन काढणाऱ्यांची अर्धी कामे माळ्यावर पडून राहतात.

सहाव्या हिश्शाने लांबी कमी झाली की क्षेत्रफळ छत्तिसाव्या हिश्शावर येते आणि वजन दोनशे सोळाव्या. मूळ इंजिन २४ टनांचे असेल तर आपले सुमारे १११ किलोचे. इथपर्यंत गणित सरळ आहे. पण पाण्याला, वाफेला आणि विस्तवाला आपला नकाशा दिसत नाही. पाच किलो दाबाची वाफ मोठ्या बॉयलरमध्ये जितकी गरम असते तितकीच लहानातही असते. कोळशाचा खडा सहाव्या हिश्शाचा केला तर तो जळण्याऐवजी उडून जातो. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी प्रमाणात केली तर ती दीड-दोन मिलिमीटरची होईल, आणि इतक्या बारीक नळीत पाणी पृष्ठताणाने वर चढून बसते. बॉयलर रिकामा होत आला तरी काच भरलेली दिसेल. म्हणून नळी मुद्दाम जाड घ्यावी लागते, मग ती दिसायला बेढब दिसली तरी चालेल. सिलिंडरचेही तसेच. आकार सहाव्या हिश्शावर आला की आतल्या वाफेच्या मानाने भिंतीचा पृष्ठभाग सहापट होतो. थंड भिंतीला लागून वाफेचे पाणी होते, म्हणून लहान इंजिन सुरू होताना धुराड्यातून आधी पाण्याचे शिंतोडे उडतात. पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत उभे राहू नये, ही सूचना जाता जाता.

सर्वांत महत्त्वाचा फरक बॉयलरच्या नळ्यांत पडतो. मूळ इंजिनात समजा ४५ मिलिमीटरच्या शंभर नळ्या आहेत. त्यांचा सहावा हिस्सा साडेसात मिलिमीटर. तेवढ्या नळ्यांतून धूर जाताना त्याची उष्णता पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच संपते, आणि तासाभरात काजळी साचून त्या बंदच होतात. या कामातल्या जुन्या लोकांचा एक ठोकताळा आहे: नळीची लांबी इंचात घ्यायची, तिला आतल्या व्यासाच्या वर्गाने भागायचे, उत्तर ५० ते ७० च्या दरम्यान यायला हवे. बारा इंचांच्या नळीला हा हिशेब लावला तर आतला व्यास ११ ते १२ मिलिमीटर येतो. म्हणजे शंभर बारीक नळ्यांच्या जागी आपण पंधराच्या आसपास जाड नळ्या बसवतो. बाहेरून इंजिन हुबेहूब डभोईचे दिसते, आत मात्र ते वेगळेच असते.

ही गोष्ट एके काळी वादाची होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधली बरीचशी लहान इंजिने स्पिरिटच्या दिव्यावर चालत आणि जेमतेम स्वतःला ओढत. 'एल.बी.एस.सी.' या टोपणनावाने लिहिणाऱ्या गृहस्थांनी १९२० च्या दशकात अडीच इंच गेजचे, कोळशावर चालणारे 'आयेशा' नावाचे इंजिन बनवून त्याच्यामागे माणूस ओढून दाखवला, आणि लहान बॉयलरला मोठ्या इंजिनाच्याच तऱ्हेची विस्तवाची पेटी व धुराच्या नळ्या हव्यात हे सिद्ध केले. नियतकालिकांतल्या त्या वादाला तिथले लोक 'बॉयलरांची लढाई' म्हणतात. पुढे कित्येक वर्षे हे गृहस्थ आठवड्याच्या आठवड्याला इंजिन कसे बनवावे ते लिहीत राहिले. त्यांची 'टिच' ही साडेतीन इंच गेजची चारचाकी रचना आजही नवखे लोक पहिले इंजिन म्हणून घेतात. ज्यांच्याकडे जागा आणि लेथ लहान आहे त्यांनी तिचा जरूर विचार करावा; मात्र ती माणसांच्या दोन डब्यांपुढे लावण्याइतकी ताकदीची नाही.

यंत्रांविषयी फार लांबण लावत नाही. लेथ हवाच. चाके सव्वाशे मिलिमीटरची असतील तर ती लेथवर मोकळी फिरली पाहिजेत, म्हणजे सेंटरची उंची निदान ९० मिलिमीटर हवी. राजकोटचे जुने बेंच लेथ आपल्याकडे सहज मिळतात. घेताना रंग पाहू नये, बेड पाहावा: चकाजवळ आणि टेलस्टॉकजवळ कॅरेज सारखीच घट्ट सरकते का, एवढे बघितले तरी पुष्कळ कळते. खांबाचे ड्रिल मशीन, चार जबड्यांचा चक, व्हर्निअर, मायक्रोमीटर, टॅप आणि डाय, चांगल्या कानशी. मिलिंग मशीन असेल तर उत्तम, नसेल तर लेथच्या क्रॉस-स्लाइडवर अँगल प्लेट लावून बरेच निभते. शेजारी कोण आहे तेही पाहावे. दुपारी दोन ते चार ठोकाठोक नाही, हा नियम आम्ही स्वतःहून घालून घेतला, त्यामुळे वाड्यात शांतता आहे.

काम फ्रेमपासून सुरू होते. दोन लांब पोलादी पट्ट्या, साडेतीन-चार मिलिमीटर जाड. दोन्ही एकावर एक घट्ट रिव्हेट करून एकदमच भोके पाडायची आणि एकदमच कानशीने घासायची, म्हणजे डावी-उजवी बाजू आपोआप सारखी होते. चकचकीत ओढीव पट्टी घेण्याचा मोह होतो, पण तिच्यात ताण साठलेला असतो. मधून खाचा कापल्या की ती केळ्यासारखी वाकते. काळी, गरम लाटलेली पट्टी दिसायला ओबडधोबड, पण सरळ राहते.

चाकांची बिडाची ओतीवे लागतात. लाकडी पॅटर्न घरी करून फाउंड्रीत द्यावा. पॅटर्न बनवताना बिडाच्या आकुंचनासाठी शंभराला एक या हिशेबाने माप वाढवायचे, आणि वर टर्निंगसाठी दोन-तीन मिलिमीटर सोडायचे. पाच इंच गेजला दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर ११९ मिलिमीटर ठेवतात.

चाके आसावर बसवताना मात्र श्वास रोखून काम करावे लागते. एका बाजूचा क्रँक दुसऱ्या बाजूच्या क्रँकशी काटकोनात असला पाहिजे, कारण एक दट्ट्या टोकाला अडला असताना दुसरा ढकलत असतो. नाहीतर इंजिन कुठेतरी थांबेल ते पुन्हा हलणारच नाही. पुष्कळांना वाटते की हा कोन नेमका नव्वद अंशांचाच हवा. खरे तर तो एकोणनव्वद असला तरी इंजिनाला फरक पडत नाही, पण सगळ्या आसांवर तो तंतोतंत सारखा हवा. तसेच चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या दोन भोकांतले अंतर आणि आसांतले अंतर एकच हवे. ते मोजून जुळवत बसण्यापेक्षा दोन्ही भोके एकाच जिगमधून पाडावीत. मोजमाप चुकू शकते, पण एकाच जिगमधून निघालेले दोन भाग एकमेकांशी जुळतातच. आमच्यातल्या ज्येष्ठ फिटरकाकांनी हे कॉलेजच्या मुलांना शिकवले आणि मुलांनी ते कॉम्प्युटरवर काढून दाखवले, काकांनी ते चित्र बराच वेळ पाहिले आणि "बरोबर आहे, पण बर काढला का?" एवढेच विचारले.

सिलिंडर बिडाचे किंवा गनमेटलचे. आमच्या आराखड्यात व्यास ३६ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ५० मिलिमीटर, चाक १२७ मिलिमीटर आणि दाब साडेपाच किलो दर चौरस सेंटिमीटर. दोन सिलिंडरच्या इंजिनाची ओढ काढण्याचे रेल्वेचे जुने सूत्र आहे: दाबाचा ८५ टक्के भाग, गुणिले व्यासाचा वर्ग, गुणिले धाव, भागिले चाकाचा व्यास. उत्तर येते सुमारे २४ किलो. ऐकायला थोडे वाटते. पण बॉलबेअरिंगच्या डब्यांना सपाट रुळावर ओढायला एकूण वजनाच्या दीड-दोन टक्के जोर पुरतो, त्यामुळे आठ-दहा मोठी माणसे आरामात ओढली जातात. चाक घसरू नये म्हणून इंजिनाचे वजन या ओढीच्या चौपट तरी हवे, आणि १११ किलो म्हटल्यावर ते होतेच. सिलिंडर उगाच मोठे करून ताकद वाढत नाही. चाके जागच्या जागी फिरतात आणि बॉयलर वाफ पुरवता पुरवता दमतो.

आता बॉयलर.

घरच्या इंजिनाला तांब्याचा बॉयलर सर्वांत चांगला. तांबे गंजत नाही, उष्णता झटकन पोचवते, आणि चांदीच्या झाळेने पक्के जोडले जाते. ११ सेंटिमीटर व्यासाचे आणि ३ मिलिमीटर जाडीचे नळकांडे धरू. साडेपाच किलो दाबाला त्याच्या भिंतीवर ताण येतो सुमारे १०० किलो दर चौरस सेंटिमीटर. नरम पडलेले तांबे तुटायला त्याच्या वीसपटीच्या आसपास ताण लागतो. म्हणजे गोल भाग चिंता करण्यासारखा नाही. चिंता सपाट भागांची. विस्तवाच्या पेटीची एक बाजू १२ बाय १० सेंटिमीटरची धरा. तिच्यावर साडेपाच किलोच्या हिशेबाने ६६० किलोचा भार येतो. आठ-नऊ माणसे त्या तळहाताएवढ्या पत्र्यावर उभी आहेत अशी कल्पना करा. नुसता पत्रा असेल तर तो पुरीसारखा फुगेल. म्हणून आतली आणि बाहेरची भिंत एकमेकींना दर दोन सेंटिमीटरवर छोट्या दांड्यांनी बांधतात, त्यांना स्टे म्हणतात. मग प्रत्येक स्टेच्या वाट्याला चार चौरस सेंटिमीटर, म्हणजे २२ किलो येतात आणि पाच मिलिमीटरची दांडी ते सहज पेलते. नकाशात स्टेची ओळ दिसली आणि "एवढ्या कशाला, एक गाळली तर चालेल" असे मनात आले, तर हा ६६० चा आकडा आठवावा.

जोडणीचे काम एकट्याने होत नाही. तांबे उष्णता इतकी पळवते की एक बर्नर जोडावर आणि दुसरा सबंध भांड्यावर धरावा लागतो. तिसऱ्याने झाळेची तार लावायची. भोवती रिफ्रॅक्टरी विटांचा आडोसा करायचा. चांदीची झाळ साधारण सव्वासहाशे ते साडेसातशे अंशांत वितळते आणि तांबे १०८५ अंशांना, त्यामुळे मध्ये पुरेसे अंतर आहे. पहिल्या जोडांना जरा जास्त तापमानाची झाळ वापरायची आणि शेवटच्यांना कमी तापमानाची, म्हणजे नवा जोड करताना जुना सुटत नाही. जुन्या काळच्या झाळेत कॅडमियम असे. त्याचा धूर फुप्फुसाला घातक आहे. दुकानदाराने स्वस्तात जुनी कांडी पुढे केली तरी ती घेऊ नये, कॅडमियम नसलेलीच मागावी, आणि काम मोकळ्या अंगणातच करावे.

प्रत्येक तापवणीनंतर भांडे आम्लात टाकून स्वच्छ करावे लागते. पुस्तकांत पातळ गंधकाम्ल सांगितलेले असते. घरात लहान मुले असतील तर किराणा दुकानात 'लिंबूना फूल' म्हणून मिळते ते सायट्रिक आम्ल गरम पाण्यात घालून वापरावे; वेळ जास्त लागतो, पण निभावते. बॉयलरवर जे जे फिटिंग बसते त्याचे बुश ब्राँझचे किंवा गनमेटलचे करावेत. पितळ सोपे आणि स्वस्त, पण गरम पाणी वर्षानुवर्षे पितळेतले जस्त खेचून घेते आणि आटे पोकळ होतात. बाहेरून ते शाबूत दिसतात, हीच त्यातली भीती.

बॉयलर तयार झाला की त्याची परीक्षा. ही पाण्याने घ्यायची, हवेने कधीच नाही. याचे कारण घरातल्या सर्वांना माहीत असावे. पाणी दाबले तरी आकसत नाही, त्यामुळे जोड सुटला तर दोन थेंब गळतात आणि दाब क्षणात शून्य होतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी ताण साठवून ठेवते. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरून, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता, हातपंपाने दाब हळूहळू चालू दाबाच्या दुप्पट, म्हणजे ११ किलोपर्यंत न्यायचा आणि अर्धा तास तिथेच ठेवायचा. काटा हलता कामा नये. पेटीच्या भिंतीवर सरळ पट्टी ठेवून फुगवटा आलेला नाही ना ते पाहायचे. दाब दाखवणारे घड्याळ आधी दुसऱ्या भरवशाच्या घड्याळाशी ताडून घ्यायचे. इंग्लंडमधल्या क्लबांत नव्या बॉयलरला दुप्पट दाबाची आणि नंतरच्या ठरावीक तपासण्यांना दीडपट दाबाची चाचणी देतात, आणि तिचा दाखला असल्याशिवाय इंजिन लोकांसमोर पेटवू देत नाहीत.

आपल्याकडे या बाबतीत एक गंमत आहे, आणि ती गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. बॉयलरच्या कायद्यात २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे भांडे येत नाही. आपला बॉयलर चार-पाच लिटरचा. म्हणजे तपासायला सरकारी निरीक्षक येणार नाही, दाखला कोणी मागणार नाही. म्हणून काही जण म्हणतात, झंझट टळली. आमचे मत उलट आहे. साडेपाच किलो दाबाला आतले पाणी १६२ अंश तापलेले असते. दाब अचानक सुटला तर दर लिटर पाण्यामागे जवळजवळ दोनशे लिटर वाफ एका झटक्यात तयार होते. चांगला झाळलेला तांब्याचा बॉयलर सहसा फुटत नाही, तो गळतो आणि गळून सूचना देतो, हे खरे. पण त्या इंजिनामागे आपलीच नातवंडे बसणार आहेत. म्हणून आमच्या गटात असा नियम केला आहे की ज्याने बॉयलर बनवला त्याने स्वतःची चाचणी स्वतः घ्यायची नाही. दोघांनी घ्यायची, दोघांनी वहीत तारीख, दाब आणि वेळ लिहून सही करायची, आणि दरवर्षी पुन्हा करायची. सही नसेल तर इंजिन प्रदर्शनात थंडच उभे राहील, मग बनवणारा कितीही ज्येष्ठ असो. यावरून एकदा रुसवेफुगवे झालेही. नियम तसाच आहे.

पाण्याच्या चाचणीनंतर वाफेची. विस्तव पूर्ण फुलवून, वाफ न वापरता, सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडू द्यायचे. ते उघडल्यावरही दाब चालू दाबाच्या दहा टक्क्यांहून वर चढला तर व्हॉल्व्ह लहान पडले असे समजावे. इथेही प्रमाणात लहान केलेला व्हॉल्व्ह कामाचा नाही. दिसायला नेमका डभोईचा हवा असेल तर सुबक झाकण वर ठेवावे आणि आत मोठा व्हॉल्व्ह बसवावा. बॉयलरमध्ये पाणी घालायच्या दोन स्वतंत्र सोयी हव्यात: एक आसावर चालणारा पंप, दुसरी हाताची किंवा वाफेची. विस्तव पेटलेला असताना पेटीच्या माथ्यावरचे पाणी संपणे हीच या छंदातली सर्वांत मोठी आपत्ती, आणि ती काचेकडे न पाहिल्याने येते. इंजिन चालवताना ओळखीचे कोणी हात करते, फोटो काढते, गप्पा मारते. चालवणाऱ्याने काचेकडेच पाहावे.

विस्तव पेटवण्याच्या आधी आम्ही इंजिन कॉम्प्रेसरच्या हवेवर फिरवून घेतो. यात चाचणी बॉयलरची नसते, हवा थेट सिलिंडरला जोडतात. दीड-दोन किलो दाबावर चाके फिरू लागतात, आणि दोन वर्षे "ते लोखंड कधी हलवणार" म्हणणारी घरची मंडळी आपणहून चहा घेऊन शेडमध्ये येतात. चार ठोके सारख्या अंतराने ऐकू यायला हवेत. लंगडा आवाज आला तर व्हॉल्व्हची वेळ जुळवायची. या कामाला घड्याळ नको, कान हवा.

इंधन ही आपल्याकडची खरी अडचण. इंग्रजी पुस्तके वेल्समधल्या कोळशावर लिहिलेली आहेत. आपल्या दगडी कोळशात राख फार असते. लहान जाळीवर ती थर धरते आणि अर्ध्या तासात विस्तव गुदमरतो. आम्ही इस्त्रीवाल्यांकडचा लाकडी कोळसा बोराएवढा फोडून, रॉकेलचा हात लावून पेटवतो, धुराड्यावर छोटा विजेचा पंखा ठेवून हवा ओढतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत वाफ धरली की त्यात निवडलेला दगडी कोळसा थोडा थोडा मिसळतो. जाळीच्या फटी पुस्तकात दिल्यापेक्षा थोड्या रुंद ठेवल्या आहेत. मोठा विस्तव एकदम घालण्यापेक्षा दर फेरीला एक चमचा, हे बरे.

पाणी शक्य तर पावसाचे. बोअरच्या पाण्याने नळ्यांवर पांढरा थर चढतो आणि तांब्याच्या आतून तो खरवडता येत नाही. जूनच्या दुसऱ्या सरीनंतर गच्चीवर स्वच्छ पिंप लावले तर वर्षभराचे पाणी जमते. इंजिन बंद करताना दाब उतरेपर्यंत थांबून, बॉयलर कोमट असताना सगळे पाणी काढून टाकावे, रेग्युलेटर उघडा ठेवावा, धुराड्यातली काजळी नळीच्या ब्रशने पुसावी, सिलिंडरमध्ये जाड तेलाचे चार थेंब सोडून चाके हाताने दोन फेरे फिरवावीत. या कामाला चाळीस मिनिटे लागतात. त्यानंतर मंडळी जेवायला बोलावतील. हात धुण्यासाठी साबणाबरोबर थोडी साखर घेतली तर कानशीचा काळा कीस निघतो.